गावची सामाईक जमीन विकायची नाही, राखायची आहे. अमेरिकेतल्या 'लँड ट्रस्ट'सारखं आपल्याकडे काही जमतं का?

मुलुंड_पश्चिम

मंडळी नमस्कार, थोडं लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आमची संगमेश्वर तालुक्यात पणजोबांपासूनची सामाईक जमीन आहे. बहुतेक वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), थोडी भातखाचरं जी आता कोणीच लावत नाही, आणि वरच्या अंगाला एक पऱ्या (ओढा) आहे त्याच्या दोन्ही काठांनी जुनं रान, ऐन, किंजळ, बेहड्याची कवेत न मावणारी झाडं, गारंबीचे वेल वगैरे. आजोबा तोडू देत नव्हते म्हणून ते राहिलं, दुसरं काही कारण नाही. आता सातबाऱ्यावर काका, आत्या, त्यांची मुलं, कोण कुठे कोण कुठे, कोणाची वारस नोंद झालीये कोणाची नाही. मुंबई-गोवा हायवे व्हायचा तेव्हा होईल (हसू नका) पण एजंटांचे फोन मात्र वेळेवर येतात. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला तोच विषय, निम्मे म्हणतात एकरकमी येतायत तर विकून मोकळे होऊ, एक चुलतभाऊ म्हणतो विकू नका पण रान ठेकेदाराला तोडायला देऊ आणि काजू लावू, आणि मी आणि दोन चुलत बहिणी म्हणतो की आहे तसं राहू दे. पण "राहू दे" म्हणणाऱ्याकडे काही प्लॅन नसतो ना, तिथेच आम्ही हरतो.

आता मुद्दा. माझी बहीण मॅसॅच्युसेट्समध्ये एका छोट्या गावात राहते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा शनिवारी सकाळी हातमोजे आणि मोठी कात्री घेऊन निघाली, म्हटलं कुठे, तर म्हणाली लँड ट्रस्टचं काम आहे, रानात कसले तरी परदेशी वेल वाढलेत ते कापायचेत. गेलो बरोबर. रिटायर्ड मास्तर, प्लंबर, शाळेतली पोरं, एक आजोबा तर काठी घेऊन आलेले. तिथे मला कळलं की त्या रानाला लागून असलेलं शेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं आहे, अजूनही त्याच्याच नावावर, पण त्यावर बांधकाम कधीच होऊ शकत नाही. त्याच्या मुलाने विकलं तरी घेणाऱ्यालाही बांधता येणार नाही. कायमचं. हे ऐकल्यापासून डोक्यात घोळतंय की आपल्याला नेमकं हेच हवंय.

तर जाणकारांनी सांगा, सातबाऱ्यावर अशी काही नोंद टाकता येते का की पुढच्या पिढीलाही तोडता किंवा एनए करता येऊ नये? की ट्रस्ट काढून त्याच्या नावावर करावी? आणि तिसरं म्हणजे गावातल्या लोकांना यात कसं आणायचं, कारण आम्ही सगळे मुलुंड, डोंबिवली, विरारला, गणपती आणि शिमग्याला जाणारे.

फलाट_क्रमांक_एक

विका आणि ठाण्यात पार्किंग घ्या. वाटणी झाल्यावर प्रत्येकाला एक चाक लावता येईल.

न्यू_इंग्लंडची_वहिनी

वर जोक झालाच आहे तर मी जरा कामाचं लिहिते. मी मॅसॅच्युसेट्समध्येच राहते, आमच्या गावच्या लँड ट्रस्टची बरीच वर्षं मेंबर आहे, आणि दादा तुम्ही जे पाहिलं ते फक्त वरचं पान आहे.

ही कल्पना मुळात इथलीच. १८९१ मध्ये चार्ल्स एलियट नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टच्या पुढाकाराने 'ट्रस्टीज ऑफ रिझर्वेशन्स' ही संस्था झाली, त्याचं म्हणणं साधं होतं, लायब्ररी लोकांसाठी पुस्तकं सांभाळते तशी लोकांसाठी जमीन सांभाळणारी एखादी संस्था असावी. चार वर्षांनी इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट निघाला तो याच धर्तीवर. पण गावोगावच्या ट्रस्टचं चित्र अगदी घरगुती असतं, ऑफिस म्हणजे कोणाच्या तरी घरातलं कपाट, पगारी माणूस नाहीच किंवा असलाच तर अर्धवेळ, बाकी सगळे शेजारीपाजारी.

काम दोन प्रकारे चालतं. एक तर ट्रस्ट जमीन विकत किंवा दान घेतो आणि मालक होतो. दुसरं म्हणजे तुम्ही सांगितलेला शेतकरी, मालकी त्याची राहते पण बांधकामाचा, प्लॉट पाडायचा हक्क तो कागदावर कायमचा सोडून देतो. आमच्या राज्यात त्या कागदाला गावाची आणि राज्य सरकारची मंजुरी लागते, मग तो रजिस्ट्रीत नोंदवला जातो आणि जमीन कोणाकडेही गेली तरी बरोबर जातो. जमिनीची किंमत जेवढी उतरते त्यावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, फुकटचं पुण्य नाहीये ते.

पण खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. कागद झाला त्या दिवशी जमिनीची पूर्ण नोंद करतात, नकाशा, कुठे काय आहे, ठरलेल्या जागांवरून फोटो. मग दर वर्षी कोणीतरी हद्दीवरून चालत जायचं, त्याच जागांवरून पुन्हा फोटो काढायचे. पहिला मालक देव माणूस असतो हो, त्याने स्वतःच्या इच्छेने दिलेलं असतं. त्रास होतो तिसऱ्या मालकाच्या वेळी. तो हळूच लॉन दहा फूट पुढे सरकवतो, पालापाचोळा रानात टाकतो, मुलांसाठी झाडावर घर बांधतो. मग गोड भाषेत पत्र, मग भेट, मग वकील. दोन-तीन वर्षं कोणी चाललंच नसेल तर कोर्टात कागद घेऊन काय सांगणार. म्हणून शहाणे ट्रस्ट कागद करतानाच देखरेखीसाठी वेगळा फंड बाजूला ठेवायला लावतात.

पैसा कुठून येतो हा प्रश्न येईलच. शेतजमिनीला इथे कमी टॅक्स असतो, त्या बदल्यात अट अशी की मालकाने बिल्डरला विकायचं ठरवलं तर आधी गावाला विचारायचं. गावाला १२० दिवस मिळतात, तेवढ्याच किमतीला घ्या नाहीतर सोडा, आणि गाव तो हक्क लँड ट्रस्टलाही देऊ शकतं. ते चार महिने म्हणजे लगीनघाई! पॅनकेकचा नाश्ता काय, घरोघरी पत्रं काय, पोरं लिंबू सरबत विकतात. शिवाय २००० सालापासून एक कायदा आहे त्यानुसार गावाने मतदान करून स्वतःच्याच मालमत्ता करावर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावून घेता येतो, तो पैसा मोकळ्या जमिनी, जुन्या वास्तू आणि परवडणारी घरं यासाठी. आणि यावर गावसभेत भांडणं होतात बरं का, अगदी कडाक्याची. तरुण लोक तोंडावर म्हणतात की तुम्ही घरंवाले जमिनी कुलुपात टाकता आणि आमच्यासाठी घरंच उरत नाहीत. मला विचाराल तर त्यात तथ्य आहे.

लोक कसे जोडले जातात तर छोट्या छोट्या गोष्टींनी. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या उबदार पावसाच्या रात्री सॅलमँडर (बेडकाच्या जातकुळीतले, पालीसारखे दिसणारे प्राणी) रस्ता ओलांडून डबक्यांकडे जातात, तेव्हा रेनकोट घालून टॉर्च घेऊन अर्धं गाव रस्त्यावर, गाड्या थांबवायच्या आणि त्यांना पलीकडे पोचवायचं. तीच पोरं मग त्या डबक्यांतल्या अंड्यांचे फोटो काढून राज्याच्या वन्यजीव खात्याला पाठवतात, मग डबक्याला अधिकृत नंबर मिळतो आणि कायद्याचं संरक्षण मिळतं. मे महिन्यात गार्लिक मस्टर्ड नावाचं परदेशी तण उपटायचं. काही जमिनींवर शिकारीलाही परवानगी असते, हरणं फार झालीयेत म्हणून, त्यामुळे शिकारी पण मेंबर आणि पक्षीवाले पण मेंबर, मीटिंगला एका टेबलावर. मजा असते.

जुना_कारकून

महसूल खात्यात आयुष्य गेलं, कोकणातही काढली काही वर्षं. वहिनींनी छान लिहिलंय. आता आपल्याकडचं कडू औषध.

सातबाऱ्यावर "कायम तोडू नये" अशी नोंद स्वतःहून टाकता येत नाही. इतर हक्कात काही चढवायचं तर त्यामागे कायद्याने टिकणारा दस्त लागतो. आणि आपला कायदा इथेच आडवा येतो. आपला ईझमेंट ॲक्ट १८८२ चा, तो मुंबई इलाख्याला लागू झाला १८९१ मध्ये, म्हणजे तिकडे त्यांची संस्था निघाली त्याच वर्षी, पण त्यात वहिवाटीचा हक्क एका जमिनीचा दुसऱ्या जमिनीवर असतो. शेजारी जमीनच नसलेल्या संस्थेला तुमच्या रानावर "बांधू देणार नाही" असा हक्क देता येत नाही. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम १० आणि ११ बघा, जमीन पूर्ण मालकीने दिली की "विकू नको" किंवा "अशीच वापर" ही अट साधारणपणे टिकत नाही, तुमच्याच दुसऱ्या जमिनीच्या उपभोगासाठी असेल तर गोष्ट वेगळी. भावाभावांत करार कराल, रजिस्टर पण कराल, सही करणाऱ्यांवर बंधन येईल, नातवंडांचं काय ते सांगता येत नाही.

त्याच कायद्यात कलम १८ आहे. मालमत्ता पिढ्यान्पिढ्या बांधून ठेवायला कायद्याची जी मनाई आहे, ती लोकहितासाठी दिलेल्या मालमत्तेला लागत नाही. म्हणजे सार्वजनिक न्यास हा रस्ता उघडा आहे. पण! शेतजमीन न्यासाला बक्षीस द्यायची तरी कूळकायद्याचं कलम ६३ आहे, बिगरशेतकऱ्याला विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा, काहीही करायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. न्यास म्हणजे शेतकरी नव्हे. परवानगी मिळतच नाही असं नाही, फाईल फिरते, चपला झिजतात.

न्यास काढलात तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, मुंबईचं ऑफिस वरळीला. फायदा मोठा आहे, एकदा जमीन न्यासाची झाली की कलम ३६ मुळे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, १० वर्षांपेक्षा जास्त भाड्यानेही देता येत नाही. तोटा असा की दर वर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. निम्म्या न्यासांत जुने विश्वस्त वारले तरी नावं तशीच, मग दोन गट, मग तारखा. सात विश्वस्त सातही मुलुंडचे ठेवू नका एवढंच सांगतो.

मधला एक रस्ता लोकांना माहीतच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६सी आलं, कम्युनिटी रिझर्व्ह. खाजगी किंवा सामूहिक जमीन, मालकाने किंवा गावाने स्वतःहून वन्यजीवांसाठी राखायला दिली तर सरकार ते घोषित करतं, मालकी जात नाही, पण नंतर जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी दोन्ही लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमीन असेल तर मालकही समितीत. अमेरिकेतल्या त्या कागदाच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू आपल्याकडे हीच. दुसरं म्हणजे जैवविविधता कायदा २००२, कलम ३७, जैवविविधता वारसा स्थळ. सिंधुदुर्गात बांबर्डे-हेवाळ्याच्या देवराईतलं रानजायफळाचं दलदली रान आहे, आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाचं ठिकाण आहे जिथे माशाची नवी जात मिळाली. आंबोलीचं क्षेत्र अवघं २.११ हेक्टर आहे, म्हणजे लहान जागेचंही होतं. पण तुमच्या रानात तसं काही खास निघालं पाहिजे, नुसती सुंदर झाडी पुरत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी जुने फेरफार काढा. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याखाली (खाजगी रान 'वन' ठरलं की सरकारजमा करणारा) काही नोंद आहे का बघा. तुम्ही मुलुंडचे, तुम्हाला वेगळं सांगायला नको, तिकडच्या सोसायट्यांच्या डोक्यावर ती तलवार २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत होती. तुमच्या गावच्या भावकीला "वन" हा शब्द ऐकला की घाम फुटतो तो उगीच नाही.

देवरुखवाला

मी गावातच राहतो, मुंबईला फक्त दवाखान्यापुरता येतो, तर जरा तिकडची बाजू.

मुलुंडकर राग मानू नका पण तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये गावातला एक पण माणूस नाहीये. एजंट आहे, भाऊ आहेत, अमेरिकेतले आजोबा आहेत काठीवाले. त्या रानात रोज जाणारा कोण आहे? नक्की कोणीतरी आहे. पऱ्याचं पाणी खालच्या वाडीला किंवा धनगरवाड्याला पाईपने गेलेलं असणार, नसेल तर मी पैज हरलो. कवळ (भाजावळीला लागणाऱ्या पानांच्या फांद्या) तोडायला कोणीतरी येतं, सुकी लाकडं नेतं, बेहडे गोळा करून व्यापाऱ्याला देतं, गुरं चारतं. तुम्ही उद्या तारेचं कुंपण मारून "संवर्धन क्षेत्र" बोर्ड लावलात तर पहिल्याच उन्हाळ्यात वणवा लागणार आणि विझवायला कोणी येणार नाही. लावला कोणी ते पण कळणार नाही.

आपल्याकडे देवराया होत्याच ना, आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अभ्यास केला, तेव्हापासून शहरातल्या लोकांना त्याचं कौतुक. पण देवराई कागदावर नव्हती टिकली, पालखीचा रस्ता त्यातून जायचा, मानकऱ्यांचं लक्ष असायचं, गुरव रोज दिवा लावायला जायचा, आणि वाळलेली काटकी उचलायची तरी देवाला कौल लावायचा. माणूस रोज जात होता म्हणून टिकली. आता काय झालंय ते पण सांगतो, झोंबेल. देवळाचा जीर्णोद्धार करायला मुंबईच्या मंडळाचे पैसे येतात, मग जुनं कौलारू देऊळ पाडायचं, स्लॅब टाकायचा, टाईल्स, पेव्हर ब्लॉक, आणि "जागा मोकळी करायची" म्हणून चारपाच मोठी झाडं जातात. लाकूड विकून परत देवळालाच पैसे, म्हणजे पाप पण नाही. पावती फाडणारे आणि झाडं कापणारे दोघेही आपलेच.

खाजगी रानांचं पण तेच, ठेकेदार येतो, उभं रान एका रकमेला ठरवतो, मालकाला वाटतं झाडं काय परत येतील. येतात पण पंचवीस वर्षं तोडलं नाही तर, आणि धनेशाला घरटं करायला ढोली लागते ती म्हाताऱ्या झाडातच असते.

मग काय चालतं? आमच्या तालुक्यात पुण्याच्या एईआरएफ संस्थेने बरीच वर्षं काम केलंय, त्यांची पद्धत मला पटते. मालकाशी ठराविक वर्षांचा करार, एवढी वर्षं तोडणार नाही, त्या बदल्यात मोबदला किंवा गावाच्या गरजेचं काहीतरी काम. मालकी कुठे जात नाही म्हणून लोक बोलायला तरी बसतात. बेहड्याची फळं नीट पद्धतीने गोळा करून चांगल्या भावाने विकायचं पण त्यांनी केलं, म्हणजे झाड उभं असण्याचे पैसे. कायमचं नाही हे खरं. पण दहा वर्षं रान उभं राहिलं तर दहा वर्षांनी भांडायला रान तरी असेल.

आणि वेळासचं बघा मंडणगड तालुक्यात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र मंडळाने २००२ पासून कासवांचं काम सुरू केलं. आधी अंडी लोक नेत होते, आता तोच गाव घरटी राखतो आणि महोत्सवाला मुंबईची माणसं घरोघरी राहायला येतात, बायकांच्या हातात पैसा येतो. तिथे गावाला कोणी लेक्चर देऊन जागं केलं नाही, जेवणाच्या ताटाचे पैसे मिळाले आणि मग कासव आपलं वाटलं. उलट क्रमाने सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

कांदळवन_कट्टा

देवरुखवाल्यांना माझा एक नमस्कार, मंदिराचं एकदम बरोबर बोललात, आमच्या पण गावी तेच.

मी मुंबईत खाडीकाठी सफाई करणाऱ्या एका ग्रुपमध्ये आहे, तर स्वयंसेवक या प्रकाराबद्दल लिहितो. पहिल्या रविवारी एवढे लोक येतात की मोजे कमी पडतात, सगळ्यांचे फोटो निघतात, कंपनीवाले बॅनर घेऊन येतात. पावसाळ्यात दोन टाळकी. जून ते सप्टेंबर जे येतात तेच तुमचे खरे मेंबर, बाकीच्यांवर रागवायचं नाही, त्यांचे पैसे घ्यायचे आणि थँक्यू म्हणायचं.

मुंबईत खाजगी जमिनीवर राखलेलं काही नाहीच असं पण नाही. विक्रोळीची कांदळवनं गोदरेजच्या जमिनीवर आहेत आणि त्यांच्याच फाउंडेशनने सांभाळलीत, नाहीतर तिथे आज काय असतं ते कांजूर-भांडुपला हायवेवरून दिसतंच. माहीमचं निसर्ग उद्यान घ्या, मिठीच्या काठी, तिथे शहराचा कचरा पडायचा, आता साधारण ३७ एकरांचं रान आहे, १९९४ पासून लोकांसाठी खुलं. मला त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, धारावी पुनर्विकासात ही जागा घेणार अशी चर्चा उठली तेव्हा आरडाओरडा करणारे लोक तयार होते, कारण कित्येक वर्षं शाळांच्या सहली तिथे गेलेल्या, कोणी तिथे फुलपाखरं मोजलेली, कोणी रोपं लावलेली. त्या जागेची आठवण असलेले लोक शहरभर पसरलेत. मुलुंडकर, तुमच्या रानाची आठवण कोणाला आहे? तुमच्या मुलांना तरी नेलंय का कधी पऱ्यावर, की गणपतीत अंगणातच मोबाईल?

बाय द वे कॉर्पोरेट सीएसआरच्या नादाने मियावाकी (दाटीवाटीने रोपं लावून केलेलं झटपट जंगल) वगैरे लावू नका तिथे प्लीज. उभं रान असताना शेजारी दाटीवाटीने रोपं लावून बोर्ड मारणारे आहेत लोक.

मुलुंड_पश्चिम

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. देवरुखवाले दादा, पैज तुम्ही जिंकलात, पाईप आहे. काल गावी काकूला फोन केला, पऱ्यावरून खालच्या वाडीला दोन पाईप गेलेत, एक वीसेक वर्षांपासून, आणि एप्रिलपर्यंत पाणी पुरतं. ठेकेदाराला रान द्यायचं म्हणणाऱ्या चुलतभावाला हे ग्रुपवर सांगितलं तर तो म्हणाला मग वाडीने पैसे द्यावेत पाण्याचे. आत्याने त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही, पण ग्रुप दोन दिवस शांत आहे.

कारकून काका, एक विचारायचं होतं. समजा एका भावाने त्याचा हिस्सा बाहेरच्याला विकला तर? वहिनी म्हणाल्या तसा "आधी आम्हाला विचार" असा हक्क आपल्याकडे आहे का?

जुना_कारकून

आहे, पण त्याचा घेर लहान. हिंदू वारसा कायद्याचं कलम २२, एकाच माणसाच्या मृत्युपत्राविना मरणानंतर जे वर्ग एकचे वारस एकत्र मालक झाले, त्यातल्या एकाने हिस्सा विकायचा म्हटलं तर बाकीच्यांना आधी घ्यायचा हक्क. शेतजमिनीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे सख्ख्या भावंडांत चालेल, चुलत्या-पुतण्यांत ओढून ताणून. आणि हक्क असला तरी खिशात पैसे लागतात, तिकडे गाव पॅनकेक विकतं, तुमच्याकडे कोण विकणार.

माझं ऐकाल तर आधी वारस नोंदी पूर्ण करा, मग मोजणी मागवा, मग आपसात वाटप करून पऱ्याचा पट्टा एका बाजूला, "राहू दे" म्हणणाऱ्यांच्या वाट्याला येईल असं बघा. त्या बदल्यात रस्त्यालगतची भातखाचरं विकणाऱ्यांना द्या, त्यांना भाव तिथेच येणार आहे. वाटप झालं की तेवढ्याच तुकड्याचा करार, रिझर्व्ह, न्यास, जे काय ते करा. वीस-पंचवीस सह्यांचं संवर्धन मी नोकरीत एकदाही बघितलेलं नाही.

न्यू_इंग्लंडची_वहिनी

काका तुमचा वाटपाचा मुद्दा म्हणजे लाखातला. इथेही बरेचदा तसंच करतात, रस्त्याकडचे एकदोन प्लॉट विकून त्या पैशात मागचं रान वाचवतात, शुद्धतावादी लोक नाकं मुरडतात.

मुलुंडकर, कागद होतील तेव्हा होतील, पण पहिल्या वर्षाची नोंद आत्ताच करून ठेवा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पऱ्याच्या काठाने ठराविक जागा ठरवा, मोबाईलवर लोकेशन चालू ठेवून फोटो, मोठ्या झाडांचे घेर टेपने मोजून वहीत. पाईप कुठून कुठे जातो तेही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीचं रजिस्टर असतं त्यात हे घालता आलं तर अजून बरं.

देवरुखवाला

वही आणा, पण गणपतीत नको, तेव्हा पावसात पऱ्याच्या पलीकडे पण जाता येणार नाही आणि गावातली माणसं आरत्यांत. डिसेंबरात या, गवत वाळलेलं असतं, तेव्हा जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) मारायची असते. वाडीतली चार माणसं मजुरीने घ्या, त्यांच्याबरोबर स्वतः कोयता धरा, दुपारचं जेवण त्यांच्याकडे सांगा आणि त्याचे पैसे द्या. ठेकेदारवाल्या भावाला पण घेऊन या. जाळरेषेचा खर्च कोणी करायचा हे मात्र तुमच्या ग्रुपवर आधीच ठरवून या, तिथे रानात भांडू नका.